बोटभर गणपती आणि रक्तपेशीएवढा बैल

काशीमिऱ्यात बसून इतिहास लिहायचा तर लेखकाने घोडबंदरचा किल्ला काढावा, १७३९ साली वसई घेणारा चिमाजी अप्पा काढावा, असा रिवाज आहे. मीही तो पुष्कळदा पाळला आहे. या खेपेस मात्र एका गणपतीच्या तुटलेल्या कानामुळे मी भलत्याच इतिहासात शिरलो.

महामार्गालगतच्या एका गाळ्यात साचे करणारा माझा जुना विद्यार्थी तो गणपती घेऊन आला होता. बोटाच्या पेराएवढा. पातळ राळेवर लेसरचा किरण फिरवायचा, किरण लागेल तेवढी राळ घट्ट होते, असे थरावर थर चढवून घडवलेला. मी तो कौतुकाने खिडकीत ठेवला. चार महिन्यांनी धूळ पुसताना कान हातात आला. खंडित मूर्ती घरात नको, असे सौ. म्हणाली. विद्यार्थ्याला विचारले तर तो हसला.

"सर, उन्हात ठेवलात ना? उजेड पिऊन पिऊन ठिसूळ झाला. त्यात कान बारीक. सोंड आणि कान एकाच बाटलीतले, पण वागतात निराळे."

मी चपापलो. सुमारे अठरा वर्षांपूर्वी याच मुलाने वर्गात विचारले होते, "सर, वस्तू खूप बारीक केली तर तिचा गुण बदलेल का?" मी मॅट्रिक झालेला मास्तर, विज्ञानाचा तास त्या दिवशी माझ्या गळ्यात पडलेला. "गुण पदार्थाचा असतो, आकाराचा नव्हे," असे ठणकावून मी त्याला खाली बसवले होते.

वास्तविक त्याच्या प्रश्नाचे उत्तर १९२१ सालीच छापून झाले होते. इंग्लंडात ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअराने काचेचे तंतू ताणून तोडून पाहिले. जाड काडीपेक्षा अतिबारीक तंतूने, जाडीच्या हिशेबाने, सुमारे वीसपट ताण सोसला. काच तुटते ती तिच्या अंगावरच्या सूक्ष्म भेगांपासून. आणि बारीक तंतूत मोठ्या भेगेला जागाच नसते!

पण एवढी बारीक वस्तू हव्या त्या आकारात घडवायची कशी? मारिया गोपर्ट-मायर या जर्मन विदुषीने १९३१ साली मांडले होते की अणू प्रकाशाचे दोन कण एकदमच गिळू शकेल. तेवढा प्रखर उजेड मात्र जगात नव्हता. १९६० साली लेसर जन्मला आणि पुढच्याच वर्षी तिचे म्हणणे खरे ठरले. या बाईने पुढे नोबेल मिळवले, पण त्याआधी कित्येक वर्षे बिनपगारी काम केले. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला ते निराळे समजावून सांगायला नको.

राळेच्या कारागिरीचा खरा चटका लावणारा माणूस जपानचा हिदेओ कोदामा. नागोया शहराच्या औद्योगिक संशोधन संस्थेत त्याने उजेडाने राळेचे थर घट्ट करून वस्तू उभी केली. १९८० मध्ये हक्कासाठी अर्ज केला, १९८१ मध्ये निबंध छापला. पण अर्जाची पुढची पूर्तता मुदतीत झाली नाही आणि हक्क गेला. १९८४ च्या जुलैत तिघा फ्रेंचांनी अर्ज केला. त्यांच्या मालकांना त्यात धंदा दिसला नाही. तीन आठवड्यांनी अमेरिकेत चार्ल्स हल याने अर्ज केला, आणि १९८६ साली हक्क त्याचा झाला. आता शोधक म्हणून लोक त्याचेच नाव घेतात.

गोपर्ट-मायरबाईंचे दोन कण आणि ही राळ यांची गाठ जपानातच पडली. किरण जिथे अगदी एकवटतो त्या बिंदूतच राळ घट्ट होते, बाकी पातळ राहते. २००१ साली सातोशी कावाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक बैल घडवला. लांबी १० मायक्रोमीटर, उंची ७; म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीएवढा. आपल्या केसाच्या जाडीत असे सात-आठ बैल सहज ओळीने उभे राहतील. पोळ्याच्या मातीच्या बैलाला शिंगे बसवताना ज्यांची बोटे थरथरली आहेत, त्यांना याचे मोल कळेल. त्यांनी एक स्प्रिंगही केली आणि उजेडाच्याच चिमटीत धरून ती ताणून सोडली.

तिथून मग 'घडते का' हा प्रश्न मागे पडला. 'टिकते का' हा पुढे आला. किरणाचा जोर कमी पडला तर राळ अर्धी कच्ची राहते आणि मऊ पडते. घट्ट होताना आक्रसून कोपरे वाकतात. धुऊन वाळवताना नुसत्या द्रवाच्या ओढीने बारीक भिंती एकमेकींना चिकटतात. उलट बारीकपणाचा लाभही आहे. २०१४ साली कार्ल्सरुहच्या मंडळींनी राळेच्या सूक्ष्म जाळीवर ॲल्युमिनाचा अतिपातळ लेप चढवला. पाण्याहून हलकी ती जाळी २८० मेगापास्कलपर्यंत दाब सोसू शकली. ॲल्युमिना एरवी ठिसूळच. लेप पातळ म्हणून तगला. ग्रिफिथचीच काच ही!

हे सारे परदेशी आहे असे समजू नये. पवईच्या आयआयटीतल्या प्रसन्न गांधी आणि सुहास देशमुख यांनी एकवटलेल्या लेसरचा ठिपका अचूक फिरवण्याच्या यंत्रणेवर २०१० साली निबंध छापला आहे.

मागल्या रविवारी विद्यार्थी पुन्हा आला. त्याला मी जुन्या तासाची आठवण दिली. तो म्हणाला, "सर, मला आठवतंय." एवढेच. मग खिशातून राळेची कुपी काढली, कानाच्या बुडाला थेंब लावला आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी धरली. मी म्हटले, "अरे, दुसऱ्या कानालाही थोडा उजेड दे, मजबूत होईल."

"नको सर," तो म्हणाला, "जास्त पाजलात तर तोही तुटेल."