म्हसवडची रात्रीची बैठक

पुढील सभेची तारीख ठरविणें, हाच आमच्या पुष्कळ सभांचा एकमेव निर्णय असतो. दुष्काळी माणदेशांतील म्हसवडच्या स्त्रियांची नित्याची बैठक मात्र एका नकारांतून जन्मली. त्यांच्या नियोजित सहकारी बँकेस, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून, रिझर्व्ह बँकेनें परवाना नाकारला. चेतना सिन्हा हताश होऊन परतल्या. तेव्हां या बायकांनींच लिहावाचावयास शिकण्याचा निर्धार केला. दिवसभराचे कष्ट उरकून त्या रोज रात्रीं एकत्र बसूं लागल्या. बैठकीपुढें विषय एकच, अक्षरें! कांहीं महिन्यांनीं पंधरा जणी अधिकाऱ्यांसमोर गेल्या. व्याजाचा हिशेब आपण तोंडीं करतों, तुमच्या लोकांनीं तो गणकयंत्राविना करून दाखवावा, असें आव्हानच त्यांनीं दिलें. आम्हांस ही मात्रा फार आवडते. १९९७ सालीं म्हसवडास माणदेशी महिला सहकारी बँक उघडली.