शाळा व्यवस्थापन समिती : देखरेख गावाकडे, निर्णय अन्यत्र

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि शाळेच्या कारभारात पालकांना देशपातळीवर प्रथमच कायद्याचे अधिष्ठान मिळाले. अधिनियमाच्या कलम २१ अन्वये विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक आहे. समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, तसेच वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, अशी तरतूद आहे. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. मुख्याध्यापक हे पदसिद्ध निमंत्रक असतात आणि महिन्यातून किमान एक बैठक घ्यावी लागते.

ही व्यवस्था एकाएकी अवतरलेली नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्थानिक समाजाच्या सहभागाचा आग्रह धरला होता. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांत समाविष्ट झाला. मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना आणली. ज्या वस्तीत एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तेथील ४० मुलांसाठी (आदिवासी भागात २५) गावकऱ्यांनी मागणी केल्यास ९० दिवसांत शिक्षणाची सोय करण्याचे बंधन शासनाने त्यात स्वतःवर घालून घेतले. पुढील वर्षी आंध्र प्रदेशाने शाळा समित्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, तर कर्नाटकात २००१ पासून शाळा विकास व देखरेख समित्या काम करू लागल्या. महाराष्ट्रात या काळात ग्रामशिक्षण समित्या होत्या. त्या गावपातळीवरच्या होत्या आणि त्यांच्यावर ग्रामपंचायतीची छाया असे. २००९ च्या अधिनियमाने हे केंद्र गावाकडून शाळेकडे आणि सरपंचाकडून पालकाकडे सरकविले. गावातील सत्तेची गणिते लक्षात घेता हा बदल दिसतो त्याहून मोठा होता.

समितीच्या हाती आलेले सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे शाळा विकास आराखडा. शाळेला किती वर्गखोल्या, किती शिक्षक आणि कोणत्या सुविधा लागतील, याचा तीन वर्षांचा आराखडा समितीने तयार करावयाचा असतो. शासन किंवा स्थानिक प्राधिकरण जे नियोजन करील आणि जे अनुदान देईल, त्याचा आधार हा आराखडा असेल, असे कलम २२ स्पष्टपणे सांगते. मात्र, आदर्श नियमांनुसार समितीची पुनर्रचना दर दोन वर्षांनी होते आणि आराखडा तीन वर्षांचा असतो. त्यामुळे आराखडा करणारे पालक अनेकदा तो पूर्ण होण्यापूर्वीच समितीबाहेर पडलेले असतात.

अनुदानाची प्रत्यक्ष रीत मात्र वेगळी आहे. सर्व शिक्षा अभियान आणि राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान यांचे एकत्रीकरण करून २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना सुरू झाली. तीत शाळेला एकत्रित अनुदान मिळते आणि त्याची रक्कम पटसंख्येवरून ठरते. ३० पर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, तर हजारांहून अधिक पट असलेल्या शाळेला एक लाख रुपये, असे याचे टप्पे आहेत. वर्षाला १० हजार म्हणजे महिन्याला साडेआठशे रुपयांहूनही कमी. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखून ठेवायची असते. वाडीवस्तीवरील शाळेच्या समितीने आराखड्यात पडकी भिंत नोंदवली, तरी हाती येणारी रक्कम भिंत पाहून ठरत नाही, हजेरीपट पाहून ठरते. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा निधी राज्याच्या एकाच मध्यवर्ती खात्यातून वितरित होऊ लागला आणि खालच्या स्तरावरील खाती शून्य शिल्लक तत्त्वावर आली. पैसा खात्यात पडून राहण्याला यामुळे आळा बसला. परंतु खात्यात जमा असलेली रक्कम आणि वरून ठरवून दिलेली खर्चमर्यादा यांत समितीच्या दृष्टीने फरक आहेच.

शिक्षकांच्या बाबतीत समितीची मर्यादा अधिक ठळक होते. शिक्षक वेळेवर येतात का, नियमित शिकवितात का, त्यांच्यावर अशैक्षणिक कामांचा भार पडतो का, यावर तिने लक्ष ठेवायचे. नेमणूक व बदली मात्र तिच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रात शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय प्रणालीद्वारे होतात. शिक्षकांची दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, हे कलम २६ नुसार नियुक्ती प्राधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते पाळले गेले नाही तर समितीला दाद मागता येते. ती कोठे? कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची, त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आणि अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे करायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाबतीत तक्रार ऐकणारी आणि शाळा चालविणारी यंत्रणा एकच ठरते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ने या गुंत्याची दखल घेतली आहे. शाळा चालविणे आणि शाळांचे नियमन करणे ही कामे वेगळी करून नियमनासाठी राज्य शालेय मानक प्राधिकरण स्थापन करावे, असे धोरण सुचविते. त्याचबरोबर एका माध्यमिक शाळेभोवती पाच ते दहा किलोमीटर परिसरातील अंगणवाड्या व लहान शाळांचे संकुल करावे, असेही त्यात म्हटले आहे. ही कल्पना कोठारी आयोगाने १९६० च्या दशकातच मांडली होती आणि महाराष्ट्रातील केंद्रशाळा तिच्याशी नाते सांगतात. संकुलामुळे लहान शाळांना क्रीडा, कला वा विषयशिक्षक सामायिकपणे मिळू शकतात. मात्र नियोजन संकुलाच्या पातळीवर गेल्यास दुर्गम पाड्यावरील मजूर मातेला समिती सदस्य म्हणून त्या बैठकीपर्यंत पोहोचणे किती शक्य होईल, याचे उत्तर धोरणात नाही. ते राज्यांच्या नियमांवर अवलंबून राहील.

अल्पसंख्याकांच्या शाळा या चौकटीबाहेर आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या समित्यांना केवळ सल्लागाराची भूमिका दिली होती. २०१४ मध्ये प्रमती न्यासाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा अधिनियम अनुदानित व विनाअनुदानित अशा दोन्ही प्रकारच्या अल्पसंख्याक शाळांना लागू होत नसल्याचा निर्णय दिला.