ज्ञानभांडारापासून शोधनिबंधापर्यंत

जैन परंपरेत ज्ञानरक्षणाला धर्मकार्याचे स्थान आहे. भगवान महावीरांचा उपदेश अनेक शतके मुखोद्गत राहिला. पुढे दीर्घ दुष्काळात श्रुतधर मुनी कालवश होऊ लागले आणि स्मरणातील आगम क्षीण होत गेले. तेव्हा श्वेतांबर परंपरेनुसार वीर निर्वाण संवत ९८० मध्ये (मतांतराने ९९३) सौराष्ट्रातील वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध करण्यात आले. त्यानंतर ग्रंथ लिहवून घेऊन भांडारास अर्पण करणे हे श्रावकांचे पुण्यकर्म ठरले. पाटण, खंबायत, जेसलमेर येथील ज्ञानभांडारांना व्यापारीवर्गाच्या दानाचा मोठा आधार मिळाला. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजेच ज्ञानपंचमीस, ग्रंथ बाहेर काढावेत, त्यांची धूळ झटकावी व पूजन करावे, हा परिपाठ आजही चालू आहे.

परंतु ग्रंथाचे रक्षण हा ज्ञानोपासनेचा अर्धाच भाग होय. जिज्ञासू ग्रंथासमोर प्रश्न घेऊन बसतो, तेव्हाच ती उपासना पूर्ण होते. हे कार्य महाराष्ट्रात कसे घडले, याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सापडते.

मुंबई सरकारच्या वतीने जर्मन पंडित बुलर यांनी १८६६ पासून हस्तलिखितांचा संग्रह सुरू केला. पुढे कीलहॉर्न, पीटरसन व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तो वाढविला. त्यात जैन पोथ्यांचा भरणा मोठा होता. ६ जुलै १९१७ रोजी संशोधन मंदिराची स्थापना झाली व पुढील वर्षी हा सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजमधून तेथे आला. १९१९ पासून परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी त्याचे अभिरक्षक म्हणून काम पाहिले. कोकणातील देवरुखच्या या विद्वानाने ग्रंथालयात बसूनच चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. त्यांच्या निबंधसंग्रहाचे पहिले दोन खंड १९५३ व १९५४ मध्ये मुनी जिनविजयजींच्या सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले, ही गोष्ट समाजास भूषणावह आहे.

गोडे यांचे विषय पाहिले म्हणजे संशोधन हे केवळ पंडितांचे काम आहे, हा गैरसमज दूर होतो. १९४३ च्या सुमारास त्यांनी भारतीय आहाराच्या इतिहासावर लिहिताना जिलेबीचा शोध घेतला. हा शब्द अरबी-फारसी मूळाचा मानला जातो. मग हा पदार्थ भारतात केव्हापासून आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांना मिळाले ते एका जैन ग्रंथात. जिनसूरकृत ‘प्रियंकरनृपकथा’ या सुमारे १४५० मधील ग्रंथात एका धनिक व्यापाऱ्याच्या घरच्या भोजनात जिलेबीचा उल्लेख आहे. पुढे १६०० पूर्वीच्या ‘गुण्यगुणबोधिनी’ या संस्कृत ग्रंथात तर तिचे साहित्य व कृतीही आढळते. कथाकाराने सहज लिहिलेली पंगत पाच शतकांनंतर इतिहासाचा पुरावा ठरली.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या उल्लेखावरून जिलेबीचा जन्म १४५० मध्ये झाला, असे म्हणता येत नाही. त्या काळी ती ताटात होती, एवढेच सिद्ध होते. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच लिहावे, एक शब्दही अधिक नको. हा संयम शोधनिबंधाचा प्राण आहे. सत्यव्रत मानणाऱ्या समाजास तो परका वाटू नये.

अशा कामाची पद्धती सोपी, पण कष्टाची आहे. विषय लहान घ्यावा आणि तो प्रश्नाच्या रूपात मांडावा. नंतर थेट कपाटाकडे न जाता प्रथम सूची पाहावी. जैन साहित्यासाठी प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ (१९४४) आणि प्रा. हीरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केलेल्या, १९३५ पासून प्रसिद्ध झालेल्या वर्णनात्मक सूची हे मोठे साहाय्य आहे. पोथी हाती आल्यावर तिची पुष्पिका, म्हणजे अखेरचा मजकूर, आधी वाचावा. तेथे बहुधा लेखनकाल, गाव व लेखनिकाचे नाव मिळते. विक्रम संवतातून ५७ वजा केल्यास व शालिवाहन शकात ७८ मिळविल्यास स्थूलमानाने इसवी सन येतो. मात्र नकलेचा काळ व मूळ रचनेचा काळ एकच नसतो, याचे भान ठेवावे. प्रत्येक नोंद वेगळ्या कागदावर घ्यावी. ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठ तेथेच लिहावे. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव द्यावे. आयता मजकूर उतरवून त्यास ‘प्रकल्प’ म्हणणे हे अचौर्यव्रताशी विसंगत आहे.

तिसगावच्या विद्यार्थ्यास यासाठी प्रारंभी फार दूर जाण्याचे कारण नाही. आचार्यसम्राट पूज्य श्री आनंदऋषीजी महाराजांचे (१९००–१९९२) जन्मगाव चिचोंडी याच पाथर्डी तालुक्यात आहे. त्यांच्या प्रेरणेने पाथर्डी येथे १९३६ मध्ये धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले आणि हे गाव जैन अध्ययनाचे केंद्र बनले. तेथील श्री रत्न जैन पुस्तकालयाने ग्रंथप्रकाशनही केले. पश्चिमेस नगर शहरात १८३८ पासूनचे जिल्हा वाचनालय व १९६० मध्ये स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे.

विषयही घरातच आहेत. जुन्या पेढ्यांच्या कीर्दी व खतावण्या म्हणजे कापडाचे भाव, बाजाराचे दिवस, उधारी व दुष्काळ यांचा लेखाजोखा होय. मात्र त्या वाचताना मन मोठे ठेवावे लागेल. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांतही पोहोचला. मारवाडी व गुजर सावकारांचे कर्जरोखे जाळण्यात आले. त्याची चौकशी झाली आणि १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला. या विषयावर लिहिणाऱ्याने पेढीची वही, चौकशी मंडळाचा अहवाल व १८८४ चे जिल्हा गॅझेटियर ही तिन्ही साधने शेजारी ठेवावीत. वहीत देणेकऱ्याची व्यथा नसते आणि सरकारी अहवालात व्यापाऱ्याची अडचण पुरेशी नसते. सत्याला अनेक बाजू असतात, हे सांगणारा अनेकांतवाद येथे नुसते तत्त्व न राहता कामाची शिस्त बनतो.

ग्रंथसंपदा किती सहज नष्ट होऊ शकते, हे ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवरील हल्ल्यात महाराष्ट्राने पाहिले. घरोघरी मात्र हानी निमूटपणे होते. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या रद्दीत जातात, मोडी वाचणारी पिढी सरते आणि पोथ्यांना कसर लागते. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने घरातील जुन्या कागदांची एक साधी यादी करावी व एका विद्यार्थ्याने त्यातील एका प्रश्नावर दहा पाने लिहावीत. पूर्वजांनी ग्रंथ लिहवून श्रुतदान केले. ते ग्रंथ उघडून, वाचून व प्रामाणिकपणे त्यांचा आधार सांगून लिहिणे, हीच या पिढीची श्रुतभक्ती ठरेल.