आरोग्यदूतांच्या हातातील जेंटामायसिन

मात्रेत किंवा देण्याच्या पद्धतीत झालेली लहानशी चूकही ज्यांच्या बाबतीत रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, त्यांना वैद्यकात उच्च जोखमीची औषधे म्हणतात. अतिदक्षता विभागात इन्सुलिन, हेपारिन किंवा पोटॅशियम क्लोराइड देण्यापूर्वी औषधाची मात्रा व रुग्णाची ओळख दुसऱ्या परिचारिकेकडून पडताळून घेण्याचा दंडक याच जाणिवेतून रूढ झाला. नवजात बालकांना दिले जाणारे जेंटामायसिन हे प्रतिजैविकही अशाच सावधगिरीची अपेक्षा करते. गंभीर जंतुदोषावर, म्हणजे रक्तात व शरीरभर पसरलेल्या संसर्गावर, ते गुणकारी असले तरी त्याची उपचारक आणि अपायकारक मात्रा यांतील अंतर थोडे असल्याने चुकीच्या मात्रेने मूत्रपिंडे व अंतःकर्ण यांना इजा पोचू शकते. हे औषध रुग्णालयाबाहेर, तेही गावातील अल्पशिक्षित स्त्रियांच्या हातून, सुरक्षितपणे देता येईल काय, याचा शोध विसाव्या शतकाच्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यात घेतला गेला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि दूरवरची रुग्णालये यांमुळे येथील बहुतेक बाळंतपणे घरीच होत असत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने प्रथम बालकांच्या न्यूमोनियाकडे लक्ष वळवले. मोजणीत अडखळणाऱ्या दायांसाठी तिने वाळूचे घड्याळ व मणी यांची एक साधी पाटी तयार केली; दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मणी गाठला गेला, तर श्वास जलद आहे असे समजायचे. निदानाचा नियम साधनातच गुंफण्याची ही रीत पुढील प्रयोगाची पूर्वतयारी ठरली, असे म्हणण्यास जागा आहे.

१९९५-९६ मध्ये संस्थेने ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे घरोघरी निरीक्षण केले, तेव्हा निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज असल्याचे दिसले, परंतु ती मिळालेली बालके जेमतेम २.६ टक्के होती. बाळाला रुग्णालयात न्या, हा सल्ला बरोबर असूनही निरुपयोगी ठरत होता. त्यामुळे प्रत्येक गावातून निवडलेल्या, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना, म्हणजे आरोग्यदूतांना, बाळाचे वजन व तापमान पाहण्यापासून गुदमरलेल्या बाळाला कृत्रिम श्वास देण्यापर्यंतचे शिक्षण मिळाले आणि १९९६ पासून जंतुदोषावर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

धोका आवरण्याचे खरे काम त्या इंजेक्शनाभोवती उभारलेल्या नियमांनी केले. जंतुदोष आहे की नाही, हे आरोग्यदूताच्या अंदाजावर सोडलेले नव्हते: रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे मंदावणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार किंवा तप्त लागणे अशा ठरावीक खुणा नोंदवहीत तपासून मगच निदान केले जाई. बाळाला रुग्णालयात हलवण्याचा सल्ला आधी दिला जाई, कुटुंबाने तो नाकारल्यास संमती घेऊन उपचार सुरू होत, आणि मात्रा जन्मवजनाच्या गटानुसार आधीच ठरलेली असल्याने ऐनवेळी आकडेमोड करण्याचा प्रसंगच येत नसे. शिवाय साधारण दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन नोंदी पडताळत. परिचर्येतील दुसऱ्या सहीचेच हे ग्रामीण रूप होते, फक्त दुसरी सही दिवसांच्या अंतराने होत असे, आणि त्या अंतरातील धोका संस्थेने डोळसपणे पत्करला होता.

१९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटून दर हजार जिवंत जन्मांमागे २५.५ वर आला होता, आणि जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले होते. दुसऱ्या आकड्यामागील उपचारित बालके ७१ होती, हे ध्यानात ठेवलेले बरे. तसेच प्रयोगात ऊब, स्तनपान, वारंवार गृहभेटी यांचाही समावेश असल्याने एकूण घट एकट्या जेंटामायसिनच्या खात्यावर टाकता येत नाही.

शासनाने ही पद्धत स्वीकारताना मात्र तिचे दोन तुकडे केले. २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बालकांच्या गृहभेटींचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांना दिले, पण इंजेक्शन त्यांच्या पिशवीत ठेवले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा दिली ती सहायक परिचारिका-प्रसाविकांना, ज्यांच्या एका उपकेंद्राखाली अनेक गावे येतात. हा निर्णय निव्वळ नोकरशाहीचा भित्रेपणा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण सिरिंज वाटणे शासनाला अवघड नव्हते. पंधरवड्याला नोंदवही उघडून प्रत्येक मात्रा तपासणारा डॉक्टर गावोगाव पुरवणे अवघड होते, आणि गडचिरोलीतील सुरक्षितता मोठ्या प्रमाणात त्याच्यावर उभी होती.