पिवळ्या जवाऱ्यांचं कूळ

नवरात्रात मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनासाठी रीघ लागते, आणि त्याच नऊ दिवसांत घरोघरी घटाच्या मातीत गहू उगवत असतो. देवघराच्या काळोखात वाढलेले हे कोंब, म्हणजेच जवारे, लांबुळके, लुसलुशीत आणि हळदीसारखे पिवळे.

पिवळे का? एक जुनं उत्तर हळदीकडेच बोट दाखवतं. छोटा नागपूरचे कमिशनर एडवर्ड डाल्टन यांनी 1872 साली उरांव-मुंडांच्या करम सणाचं वर्णन केलं: मुखियाच्या मुली ओल्या वाळूत हळद कालवून जव पेरतात, कोंब फिकट पिवळे येतात. जेम्स फ्रेझरने ते उचलून थेट ग्रीकांच्या अडोनिसच्या कुंड्यांशी जोडलं. पण हळदीचा रंग पाण्यात जेमतेम विरघळतो. तो मुळांतून पात्यात चढणार कसा? शिवाय हळद न घालताही जवारे पिवळेच येतात.

दुसरं मत बीजपरीक्षेचं: रब्बीच्या तोंडावर बियाणं उगवून पाहायची ही रीत. घटापुरतं ते पटतं. पण पूर्व विदर्भात भुजली, म्हणजे टोपलीत वाढवलेल्या अशाच जवाऱ्यांची मिरवणूक, निघते राखीच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा गव्हाच्या पेरणीला दोन महिने तरी अवकाश असतो. आणि बियाणं तपासायला अंधार कशाला? लोकांना पिवळा रंगच हवा असावा, म्हणून टोपली झाकली. हळद बहुधा नंतरची हौस.

रंगाचा कारखाना पेशीतल्या लवकांत आहे. गव्हात हरितद्रव्य घडवणारं एक विकर उजेड मिळेपर्यंत अडून बसतं, म्हणून अंधारात नुसती पिवळी कॅरोटिनॉइडं दिसतात. टोपली उजेडात ठेवली की काही तासांत पातं हिरवं.

इथवर शाळेतलंच. खरी गंमत कोंबाच्या उंचीत. अंधारात तो ताणला जातो. उजेडाची वर्दी देऊन त्याला आवरतं ते फायटोक्रोम हे प्रथिन, 1959 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला हाती लागलेलं. त्याचा प्रकाश टिपणारा रंगरेणू तयार होतो लवकातच, आणि तोही हीमपासून, ज्यामुळे आपलं रक्त लाल असतं! 1980 मध्ये मार्टेन कोर्नेफ आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या भाऊबंदातली, भर उजेडातही लांबच लांब वाढणारी रोपं निवडली. त्यातल्या एका वाणाचा दोष 1999 मध्ये उमगला: हीम फोडणारं लवकातलं विकरच निकामी होतं, त्यामुळे फायटोक्रोमचा रंगरेणू घडत नव्हता. पिवळेपणा आणि उंची, दोन्हींचा धागा असा एकाच अंगकापाशी, लवकापाशी, पोचतो.

हे लवक मुळात निळ्या-हिरव्या जिवाणूंचे वंशज. 1905 साली मेरेश्कोव्स्कीने तसं मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. रोवणीनंतर धानाच्या बांधीतल्या पाण्यावर येणारं निळं-हिरवं शेवाळ त्याच कुळातलं; ते हवेतला नत्र बांधून धानाला पुरवतं, हे 1939 मध्ये पी. के. डे यांनी दाखवलं.