तुकूम, चेक आणि रिठ : भद्रावती परिसरांतील वसाहतीचा विचार

भद्रावती ऊर्फ भांदक हें स्थान संशोधकांस अपरिचित नाहीं. विजासनचीं बौद्ध लेणीं, भद्रनागाचें देवालय, तलावावरील जुना दगडी पूल, जैनांचें पार्श्वनाथतीर्थ आणि राष्ट्रकूट पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा ताम्रपट यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही देवळांचा नव्हे, तर घरांचा विचार करणार आहों. मुंबई-पुण्यांत मध्यम स्थितीच्या कुटुंबास स्वतःचें घर घेणें दुष्कर झालें असून स्वस्त जागेच्या शोधांत लोक लहान गांवांकडे वळत आहेत. ही गोष्ट नवी समजली जाते. परंतु मोठ्या नगराबाहेर नव्या कुटुंबास जागा कोणत्या अटींवर मिळावी, हा प्रश्न या प्रांतांत निदान गोंड राजांपासून चालत आलेला आहे. आणि त्याचें उत्तर गांवांच्या नांवांतच राहून गेलें आहे.

मेजर ल्यूसी स्मिथ यानें इ. स. १८६९ च्या बंदोबस्त-अहवालांत चांद्याच्या गोंड राजांविषयींच्या परंपरा नमूद केल्या. हीरशहा राजाविषयीं असें सांगतात कीं, जो अरण्य तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती द्यावी, आणि जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याखालीं भिजेल तितकी जमीन द्यावी, असा त्याचा नियम होता. तलाव बांधणारास मिळालेल्या अशा जमिनीस या प्रांतीं ‘तुकूम’ म्हणत. परंपरेंतील कथाभाग वगळला तरी ही संज्ञा उरतेच. आणि संज्ञा आपोआप उत्पन्न होत नाहीं.

संस्कृतज्ञांस येथें कौटिल्याचें स्मरण होईल. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा आरंभच जनपदनिवेशानें होतो. नवीन किंवा पूर्वीं वसून ओस पडलेल्या भूमीवर शंभरापासून पांचशें कुळांपर्यंतचीं गांवें वसवावीं, वसणारांस धान्य, पशु व द्रव्य यांचें साहाय्य करावें, असें तेथें सांगितलें आहे. नवा तलाव अथवा बंधारा बांधणारास पांच वर्षांचा करपरिहार तिसऱ्या अधिकरणांत आहे. गोंड राजांनीं हा ग्रंथ पाहिला होता असें आम्ही म्हणत नाहीं. अरण्यप्रदेशांत वस्ती करावयाची तर दोघांसही एकच मार्ग सुचला, इतकेंच. मराठेशाहींतील कौल व इस्तावा यांचें मर्मही तेंच : आरंभीं अल्प सारा, पुढें वर्षागणिक वाढ, आणि ठरल्या मुदतीअंतीं पूर्ण सारा. पुण्यांत जिवाजीपंत खासगीवाले यांनीं शुक्रवार पेठ वसविली, तेव्हां तीही जुन्या कसब्याबाहेरची नवी वस्तीच होती.

या सर्वांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. कोणीं कोणास तयार घर दिलें नाहीं. पाणी, उपजीविका आणि हक्काचा कागद, या तीन गोष्टींची तजवीज झाली. घर मनुष्यानें आपलें आपण बांधिलें.

आतां गांवांचीं नांवें पाहूं. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महसुली यादींत गांवाच्या नांवापुढें वा मागें तुकूम, चेक, मोकासा, रिठ असे शब्द वारंवार येतात. चेक अथवा चक म्हणजे तोडून दिलेला जमिनीचा तुकडा. मोकासा म्हणजे ज्याचें उत्पन्न कोणास लावून दिलें तें गांव. रिठ म्हणजे वस्ती उठलेलें ओस गांव. एका यादींत गांवाचा जन्म व मृत्यु दोन्हीं वाचतां येतात.

या संज्ञांची पुढील गति विलक्षण आहे. चंद्रपुरांत जटपुरा दरवाजाच्या उत्तरेस तुकूम नांवाचा भाग आहे. नांव तलावाच्या इनामाचें. आज तेथें शहराचा दाट वस्तीचा उपभाग आहे. उलट भद्रावती तालुक्यांत बरांज मोकासा व चेक बरांज हीं गांवें उघड्या कोळसा-खाणीच्या क्षेत्रांत आलीं, आणि तेथील कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला. ज्या दोन शब्दांनीं कोणे एके काळीं वसण्याचा हक्क सांगितला, तेच शब्द नांवांत वागविणाऱ्या गांवांतील लोकांस दुसरीकडे घर शोधावें लागलें.

खुद्द भद्रावतीची कथाही अशीच. ह्यूएनत्संगानें वर्णिलेली कोसलाची राजधानी हीच, असा पक्ष कांहीं विद्वानांनीं मांडिला. श्रीपूरचा पक्षही प्रबल आहे, आणि त्या वादांत आम्ही पडत नाहीं. परंतु अवशेष पाहतां येथें मोठें नगर होतें, यांत संशय नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तें केवळ एक गांव उरलें होतें. पुढें कोळसा व आयुधनिर्माणी यांमुळें वस्ती वाढली, आणि इ. स. २०११ च्या गणतींत लोकसंख्या पन्नास हजारांवर गेली. काम आलें तेव्हां घरें आलीं. केवळ जागा स्वस्त होती म्हणून नव्हे. जागा तर मधल्या शतकांतही स्वस्तच होती.

म्हणून स्वस्त भूखंड पाहणारानें जुन्याच तीन गोष्टी पाहाव्या. उन्हाळ्यांत विहिरीस पाणी असतें काय? सातबारा, अकृषक परवाना व मंजूर रेखांकन हे कागद एकमेकांशीं जुळतात काय? आणि ज्या उद्योगावर गांव उभें आहे तो सरल्यावर मुलाबाळांनीं काय करावें? या तिहींचें उत्तर नसेल तर ती जागा स्वस्त नव्हे; तें उद्यांचें रिठ होय.

संशोधकांसही यांत कर्तव्य आहे. जुन्या नगराचे अवशेष केवळ देवळांभोंवतींच असतात असें नाहीं. भूखंड पाडतांना एखादें पांढरीचें टेकाड सपाट झालें किंवा तलाव बुजला, म्हणजे जें जातें तें पुन्हा मिळत नाहीं. जुन्या मालगुजारांच्या घरीं तुकुमाच्या सनदा, तलावांच्या दुरुस्तीचे करार व वांटपाचे कागद अद्यापि असण्याचा संभव आहे. देवस्थानांच्या सनदा लोक जपतात. घराचे व पाण्याचे कागद मात्र निरुपयोगी समजून टाकून देतात. असे कागद ज्यांचे संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल, निदान गांवाचें नांव व मिति, या त्रैमासिकाकडे कळवावी, अशी आमची विनंती आहे.