अनंत गाठ : एक प्राचीन चिन्ह

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर येथे जैन भाविक मल्लिनाथ तीर्थंकरांच्या दर्शनास येतात. तीर्थंकरांच्या वक्षस्थळी कोरले जाणारे 'श्रीवत्स' हे शुभचिन्ह सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या मथुरेतील मूर्तींवरही आढळते. पुढे तिबेटी बौद्धांत त्याला आदि-अंत नसलेल्या गाठीचे रूप लाभले. प्रज्ञा व करुणा यांचे ऐक्य हा तिचा अर्थ. आयरिश परंपरेतील ख्रिस्ती मठवासीयांनीही इ. स. ८०० च्या सुमारास 'बुक ऑफ केल्स' या शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात अशाच गुंफणी रेखाटल्या. त्यांपैकी तीन पाकळ्यांची गाठ आपण पवित्र त्रैक्याची खूण मानतो. हा अर्थ मात्र १९ व्या शतकापासून विशेष रूढ झाला. रेषा समान असल्या तरी अर्थ श्रद्धेतून येतो; म्हणून शेजाऱ्याच्या चिन्हाचा अर्थ आपण त्यालाच विचारावा.